लाल नाड्याची थैली

१

रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता तळेगावात, बुद्धविहाराकडून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर वनखात्याची जीप थांबली. तिघे उतरले. त्यांनी समोरून येणाऱ्या पौर्णिमा थूलला अडवले आणि तिच्या हातातली पांढरी कापडी थैली मागितली. थैलीच्या बंदाला लाल नाडा बांधलेला होता. अशी थैली शोधा, असा निनावी फोन त्यांना पहाटे आला होता.

थैलीतून एक जुनी खंजिरी निघाली. लाकडी कडे घामाने काळे पडलेले, पितळी चकत्या झिजलेल्या. वनपालाने कातड्यावरून अंगठा फिरवला. बारीक खवल्यांची नक्षी हाताला लागली.

“घोरपड,” तो म्हणाला. “कोणाची आहे?”

पौर्णिमा वीस वर्षांची. खंजिरीवर तिच्याइतका हात गावात दुसऱ्या कोणाचा चालत नव्हता. तिने आधी थैलीकडे पाहिले, मग रस्त्यात थांबलेल्या माणसांकडे. तिला खंजिरी शिकवणारे रूपराव पोहेकर त्यांत होते. तिच्याबरोबरीने वाजवणारी अपेक्षा होती. दुधाची कॅन घेऊन एक माणूस सायकलवरून उतरला होता.

“माही,” ती म्हणाली.

“पाहून सांग व पोरी. घोरपडीचं कातडं बाळगलं तर तीन ते सात वर्षांचं कलम आहे.”

“माहीच आहे.”

जीपमध्ये चढण्याआधी तिने खांद्यावरची दुसरी पांढरी थैली काढून अपेक्षाच्या हातात दिली. “उन्हात ठेवजो. दवानं ढिली झाली असन.”

रूपराव रिकाम्या हातांनी रस्त्याच्या कडेला उभे होते. दूधवाला म्हणाला, “म्हातारबा, तुमची पोट्टी गेली ना.”

२

त्याच वेळी नागपूरहून आलेली गाडी मागे येऊन उभी राहिली. तिच्यातून जागृती मून उतरली. तळेगावच्या संगीतवर्गाला पैसा देणाऱ्या न्यासाची ती तपासनीस. तिच्यामागून न्यासाचे विश्वस्त बापूजी उतरले आणि त्यांनी आधी पायजम्यावरची धूळ झटकली.

न्यासाची अट एकच होती. देवळाकडच्या आणि विहाराकडच्या दोन वस्त्यांनी मिळून मुलांना शिकवायचे, वेगळे शिकवायचे असेल तर पैसा मिळणार नाही. भजनी मंडळाने खंजिरी शिकवायची, भीमगीतांच्या गायन पार्टीने पेटी आणि ढोलक. तालीम विहारात, कार्यक्रम देवळाच्या सभामंडपात. दोन्हीकडची चाळीस मुले एका सतरंजीवर बसू लागली होती. आज दुपारच्या कार्यक्रमानंतर बापूजी पुढच्या टप्प्याला मंजुरी देणार होते आणि दोन नावे ठरवणार होते. एक मुख्य गुरू आणि एक युवा प्रशिक्षक. प्रशिक्षकाची जागा पौर्णिमाला जाणार, हे सगळ्यांना माहीत होते.

जागृतीने वनपालाला ओळख सांगितली आणि जप्त खंजिरी पाहायला मागितली. कातड्यावर नव्हे, तिने कड्याच्या आतून हात घातला.

“ओली आहे,” ती म्हणाली.

“दव असन.”

“थैलीच्या आत दव पडतं?”

वनपालाने खांदे उडवले. “मॅडम, पाच वाजेपर्यंत आष्टीच्या ऑफिसात मी जबाब पुरा करतो. कोणी येऊन दुसरं काही सांगितलं तर लिहून घेईन. नाही आलं, तर उद्या पोरगी कोर्टात उभी राहील.”

जीप गेली. बापूजींनी जागृतीला बाजूला घेतले.

“चौकशी वनखात्याची. आपला विषय संगीत. कार्यक्रम वेळेवर सुरू व्हायला हवा.”

“मुलगी निर्दोष असली तर?”

“तर कोर्ट सोडेल. तुमच्या अहवालात ही घटना नको.”

३

विहाराच्या पायरीवर अपेक्षा दोन खंजिऱ्या उन्हात मांडून बसली होती. एक स्वतःची, एक पौर्णिमाची. तिचे वडील धनंजय भजनी मंडळाचे अध्यक्ष. तळेगावात त्यांचे खता-बियाण्यांचे दुकान आहे. ते तिच्यामागे उभे होते आणि जागृतीला पाहताच बोलू लागले.

“आमच्यावर नका घेऊ मॅडम. माही पोरगी दोन नंबरवर होती, ते खरं. पण म्हणून कोणी असं करते का?”

“करतात,” जागृती म्हणाली. “रात्री थैल्या कुठे होत्या?”

“सगळ्या विहारात. तालीम झाली, तिथंच ठेवून गेलो. सकाळी पेटीवाल्या नागसेननं कुलूप उघडलं, पेटी ऑटोत टाकली अन् तो पुढं देवळात गेला. मंग दार उघडंच होतं. ज्यानं त्यानं आपापली थैली उचलली.”

“म्हणजे कोणीही आत जाऊ शकत होतं. तुम्हीही.”

“मी चपला काढून आत गेलतो, हो. पोरीची थैली आणाले.”

अपेक्षाने खंजिरीवर बोट आपटून पाहिले. आवाज अजून बसका होता. ती वर न पाहता म्हणाली, “मले विचारा ना जे विचाराचं ते. बाबाले काऊन?”

“पौर्णिमाची जागा आता तुला मिळेल.”

“मिळन. अन् मी नाई म्हणणार नाई. मले माहीत आहे ते तिचं आहे.”

“अपेक्षा,” धनंजय म्हणाले.

“खोटं आहे का?”

जागृती तिच्या शेजारी बसली. “ऊन कशाला दाखवतेस?”

“बकरीचं कातडं आहे. गारव्यानं ढिलं पडते, उन्हानं ताणते. पाणी लागलं तर मेलीच समजा.”

“सगळ्याच बकरीच्या आहेत?”

“सगळ्या. न्यासाचा नियम आला ना, जंगली जनावराचं कातडं चालणार नाई म्हणून. नागसेनकाकानं सगळ्या नव्यानं मढवल्या. कडे जुने, कातडं नवं.”

“आणि लाल नाडा?”

“तुम्हीच सगळ्यायले सारख्या थैल्या देल्या. गुरुजीले डोळ्यानं कमी दिसते. म्हणून…”

ती तिथे थांबली. धनंजयने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता.

“कोणाच्याही थैलीले कोणी काहीही बांधते मॅडम,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या माणसाले यात आणू नका. मंडळ त्याच्यावर चालते.”

जागृतीला हवे ते मिळाले होते. पौर्णिमाच्या अंगावर दोन थैल्या होत्या. खांद्यावरची तिची स्वतःची, म्हणूनच ती उन्हात ठेवायला सांगून गेली. हातातली तिची नव्हती. आणि ज्याची होती तो माणूस त्या रस्त्यावर रिकाम्या हातांनी उभा होता.

४

नागसेन थूल सभामंडपात पेटीचे सूर लावत होता. पेटीचा लाकडी खोका उलटा घालून त्यावर त्याने पेटी मांडली होती. पौर्णिमा त्याच्या मेलेल्या भावाची मुलगी. दहा वर्षांची असल्यापासून ती त्याच्या घरी वाढली. तिचे बारावीचे शिक्षण, तिची सायकल, सगळे त्याने केले होते.

“तुम्ही आष्टीला गेला नाहीत?” जागृतीने विचारले.

“कार्यक्रम झाला की जातो. मी उठलो तर पेटी कोण वाजवन? पेटी नाई तर अर्धा वर्ग नाई, अन् अर्धा वर्ग नाई तर तुमचा पैसा नाई. तुमचीच अट आहे.”

“तिच्या हातात ती खंजिरी कशी आली?”

“मले काय माहीत. मी पेटीवाला माणूस. खंजिरीतलं मले काई समजत नाई.” त्याने भाता दाबला, एक सूर धरून ठेवला. “भजनवाल्याच्या मागं लागू नको, म्हणून किती सांगतलं. माह्या आज्यानं या गावची मेलेली ढोरं वाहिली. दवंडीचं, पाटलाच्या पाव्हण्याचं ओझं वाहिलं. माह्या बापानंही वाहिलं. मी तिले घरात आणलं तवाच सांगतलं, वाजव, गा, काहीही कर. पण आपल्या घरचं माणूस कोणाचं ओझं उचलणार नाई.”

“आणि तिने ऐकलं?”

“ऐकते ना. माह्या शब्दाबाहेर नाई ती.”

जागृती मंडपाबाहेर पडली. रूपराव देवळामागच्या ओट्यावर बसले होते. तिने त्यांना आरोप केल्यासारखे काही विचारले नाही. त्यांच्या कलेबद्दल विचारले.

“गुरुजी, घोरपडीची खंजिरी खरंच वेगळी वाजते?”

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “जमीन-अस्मानाचा फरक, बाई. एका बोटात अख्खं भजन उभं राह्यते. पण नखऱ्याची. कातडं इतकं ताणलेलं राह्यते का नुसती टणटण वाजते. तिले आतून पाण्याचा हात फिरवा लागते, मंग गोड होते. बकरीले ऊन, घोरपडीले पाणी.”

“आत्ताच्या मुलांना हे माहीत आहे?”

“त्यायनं कोठी पाह्यली घोरपड. सगळे बकरीवाले.”

“मग गावात कोणाला माहीत आहे?”

रूपरावांचे हात मांडीवर थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आले.

“मले,” ते सावकाश म्हणाले. “अन् ज्यानं कातडं मढवलं असन, त्याले.”

५

कार्यक्रम बारा वाजता सुरू झाला. सतरंजीवर चाळीस मुले बसली. पौर्णिमाच्या जागी अपेक्षा बसली. रूपरावांना कोणीतरी खंजिरी दिली. नागसेनने पेटी धरली आणि त्याचा एकही सूर चुकला नाही. लोकांनी माना डोलावल्या. बापूजी डोळे मिटून ऐकत होते.

मधल्या एका ठिकाणी सगळ्यांनी एकदम थांबायचे होते. ढोलकाची शेवटची थाप पडली, खंजिऱ्या थांबल्या, मंडप शांत झाला. त्या शांततेत पितळी चकत्या एकदाच किणकिणल्या. अपेक्षाची खंजिरी मांडीवर पालथी होती. रूपरावांचा हात हवेत होता. आवाज पेटीच्या दिशेने, खालून आला होता.

नागसेनने लगेच पुढचा सूर धरला.

कार्यक्रम संपला, जेवणाच्या पंगती बसल्या. मंडपात नागसेन पेटी आवरत होता. रूपराव खांबाला टेकून बसले होते. जागृती आत आली आणि उलट्या खोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

“हा उचला.”

“काऊन?”

“उचला.”

त्याने उचलला नाही. तिने उचलला. खाली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक खंजिरी होती. बकरीच्या कातड्याची, नवी मढवलेली.

“ही रूपरावांची,” ती म्हणाली. “लाल नाड्याच्या थैलीतून तुम्ही ही काढली आणि तिथे घोरपडीची ठेवली. पहाटे वनखात्याला फोन केला. धनंजय किंवा अपेक्षा यांचं हे काम असतं, तर ती खंजिरी कोरडी निघाली असती. त्यांना उन्हापलीकडे काही माहीत नाही. ठेवणाऱ्याने तिला पाण्याचा हात फिरवला होता. कोणी वाजवणार नव्हतं, तरी फिरवला. तुम्ही म्हणालात खंजिरीतलं काही कळत नाही, आणि गावातली प्रत्येक खंजिरी तुमच्या हाताने मढवलेली आहे.”

नागसेन खंजिरीकडे पाहत होता.

“फेकून द्यायची होती ना,” रूपराव खांबापासून म्हणाले.

“वाद्य फेकत नसतात,” नागसेन म्हणाला. मग जागृतीकडे वळला. “पाणी मी मुद्दाम नाई लावलं. थैलीत घालताना हात आपोआप फिरला. कोरडी ठेवली असती तर कातडं फाटलं असतं.”

“कोणासाठी होतं हे?”

“याच्यासाठी.” त्याने हनुवटीने खांबाकडे दाखवले. “वर्ग मी सुरू केला. घरोघरी जाऊन पोट्टे मी आणले. अन् मुख्य गुरू कोण होणार, तर हा. माह्या घरची पोरगी याले गुरुजी म्हणून वाकते. याच्या थैलीत याचीच खंजिरी टाकली, परक्याची नाई. मढवाले यानंच देलती मले. म्हणे, गुरूची आठवण आहे, जाळू नको. मी ती तशीच ठेवली, याले दुसऱ्या कड्यावर बकरीची मढवून देली. म्हातारा चार दिवस आत बसला असता. मरत नव्हता.”

“रूपरावांची थैली रूपरावच नेतील, असं तुम्ही धरून चाललात.”

“मंग कोण नेईन? आमच्या पार्टीत ज्याचं वाद्य त्याच्या खांद्यावर. पेटी माही, मीच उचलतो.”

“भजनी मंडळात गुरूचं वाद्य शिष्य वाहतो. अपेक्षाने सांगितलं मला, ती रोज वाहत होती, नागसेन. तुमच्या गल्लीचं वळण मागे पडलं की ती थैली त्यांच्या हातातून घ्यायची. येताना वळणाआधी परत द्यायची. आज तुम्ही ऑटोत बसून पुढे गेलात, म्हणून विहाराच्या दारातच घेतली.”

नागसेनने रूपरावांकडे पाहिले. रूपरावांनी मान हलवली, इतकीच की ते खरे आहे.

मंडपाबाहेर कोणीतरी वाढप्याला ओरडून वरण मागितले.

“तुले तवाच समजलं होतं,” नागसेन रूपरावांना म्हणाला. “जीप उभी राह्यली तवाच. ‘घोरपड’ ऐकूनच समजलं तुले.”

“समजलं.”

“अन् तू गप उभा राह्यला. पोरगी ‘माही’ म्हणून राह्यली, अन् तू पाहून राह्यला.”

“मी बोललो असतो तर मी गेलो असतो. माहं वय पाहा. ती तरुण आहे, निघन त्यातून.” रूपरावांनी घसा साफ केला. “जाळं तूच टाकलं होतं बाबू. मी फक्त त्यात पाय देला नाई.”

६

जागृती आष्टीला पोहोचली तेव्हा पौर्णिमा वनखात्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. कोणीतरी तिला चहा दिला होता, तो तसाच होता.

जागृतीने तिला सगळे सांगितले. खंजिरी कोणी ठेवली, कोणासाठी ठेवली आणि गुरुजी का गप्प राहिले.

“तू एवढंच सांग की थैली तुझी नव्हती. बाकी मी पाहते.”

“थैली माही नोहती म्हटलं, तर गुरुजीले उचलतील.”

“त्यांनी तुला उचलू दिलं.”

“ते त्यायनं केलं. मी काय कराचं ते मी पाहीन.” तिने चहाचा पेला बाकाखाली सरकवला. “काकाले माहीत होतं का, मी थैली वाहते म्हणून?”

“नाही.”

“आता माहीत आहे?”

“हो. मी सांगितलं.”

पौर्णिमाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. “ते कशाले सांगतलं, ताई? बाकीचं सांगतलं असतं. तेवढं नोहतं सांगाचं.”

जागृती उठून आत गेली. तिने वनपालाला बकरीची खंजिरी दाखवली, पाण्याचे आणि उन्हाचे समजावले. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“पटते मले,” तो म्हणाला. “पण पोरगी म्हणते माही. ज्यानं ठेवली तो इथं येऊन मी ठेवली म्हणन, तरच मले काही करता येते. येणार आहे का तो?”

“निघाला आहे. माझ्या गाडीत बसायला तयार नव्हता. स्वतःच्या मोटारसायकलवर येतो म्हणाला.”

नागसेन खरोखर निघाला होता. घरी जाऊन त्याने पेटी खोक्यात घातली, खोका माळ्यावर ठेवला आणि शर्ट बदलला. शेजारच्या पंचफुलाबाईंनी विचारले, कोठी चालला? तो म्हणाला, “पोरीले आणाले.” तळेगावहून आष्टी फार दूर नाही.

साडेचार वाजता जागृतीच्या फोनवर बापूजींचा निरोप आला. पुढच्या टप्प्याला मंजुरी. मुख्य गुरू रूपराव पोहेकर, युवा प्रशिक्षक अपेक्षा. दोन वस्त्यांचा असा मिलाफ आपण दुसरीकडे पाहिला नाही, असे त्यांनी खाली लिहिले होते.

पाच वाजता वनपालाने पौर्णिमापुढे जबाब ठेवला. तिने वाचला आणि सही केली. ऑफिसच्या फाटकात उभी राहून जागृती रस्त्याकडे पाहत होती. तळेगावकडून एक ट्रॅक्टर आला, मग एसटी आली.

अंधार पडताना धनंजयचा फोन आला. हायवेच्या चौफुलीवर, जिथून एक रस्ता आष्टीला, एक नागपूरला आणि एक अमरावतीला फुटतो, तिथे पानठेल्यासमोर नागसेनची मोटारसायकल उभी होती. स्टँडवर नीट लावलेली. किल्ली तिच्यातच होती. तो कोणत्या दिशेने गेला, हे पानठेलेवाल्याने पाहिले नव्हते.